उष्टी गाठ

इचलकरंजीत दोन गोष्टी कधी बंद पडत नाहीत असं म्हणतात: माग आणि माणसांची तोंडं. मागांच्या खडखडाटात बोलायची सवय एवढी, की इथलं माणूस कानात सांगितलेलं गुपितसुद्धा पलीकडच्या गल्लीला ऐकवतं. बाहेरगावाहून आलेली नवी सून पहिले सहा महिने घरात रोज भांडण चाललंय असंच समजते. वर्षातून एक दिवस मात्र सगळे माग थांबतात, खंडेनवमीला. त्या दिवशी गावाला आपलाच आवाज ऐकून लाजल्यासारखं होतं.

ही गोष्ट दोन हजार त्रेचाळीस सालातल्या खंडेनवमीची. पण ती सुरू झाली आठ दिवस आधी, घटस्थापनेला.

त्या दिवशी सकाळी केतकी हावळ, कापड कुठल्या हातांतून आलं ते तपासणाऱ्या साखळी तपास केंद्रात आपल्या यंत्रासमोर बसून यंत्राला शिव्या घालत होती. यंत्राचं सरकारी नाव गाठवाचक. गावानं त्याचं बारसं केव्हाच उरकलं होतं: ज्योतिषी. कापडाची पट्टी दाखवली की कुंडली सांगतो म्हणून. आज ज्योतिष्यानं जे सांगितलं, ते केतकीला पटत नव्हतं. पडद्यावर एक रेघ उमटली होती, आडवी, सपाट.

ती रेघ समजायची तर आधी गाठ समजून घ्यायला हवी.

मागावरच्या एका बीमावर, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळावर, तीन-साडेतीन हजार उभे धागे असतात. बीम संपला की नवा चढवायचा आणि जुन्याच्या शेवटाला नव्याचा एकेक धागा गाठवून घ्यायचा. या कामाला वहिफणी म्हणतात. गाठी मारायची यंत्रं कधीच आली, पण रंगीत, तलम सुतावर ती अजून धागे चुकवायची, म्हणून चांगल्या मालाला माणसाचीच बोटं लागत. आणि वहिफणीवाला गाठ कशी मारतो? बोट जिभेला लावून. थुंकीचा ओलावा, अंगठ्याखाली धाग्याला एक वळसा, की झाली गाठ. पाणी चालत नाही, त्यानं धाग्यावरची खळ सुटते. पिढ्यान्‌पिढ्या ही उष्टी गाठच इथलं कापड जोडत आली आहे.

ती थुंकी खळीत वाळून गाठीच्या पोटात बंद होते. थुंकीत दोन द्रव्यं असतात. मेलाटोनिन अंधार पडला की वाढतं. कॉर्टिसॉल सकाळी जाग येताना उसळतं आणि दिवस मावळेपर्यंत उतरत जातं. म्हणजे प्रत्येकाच्या तोंडात एक घड्याळ असतं आणि त्याला चावी देतो सूर्य, डोळ्यांवाटे. एका बीमाच्या गाठी मारायला सहा-सात तास लागतात, म्हणून पट्टीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ते सहा-सात तास ओळीनं वाळून बसलेले असतात. ज्योतिषी गाठीगाठीवरून प्रकाशाचा बारीक किरण फिरवतो आणि त्या तासांची रेघ काढतो. नीट झोपलेल्या माणसाच्या रेघेला सकाळचा डोंगर असतो. रात्रपाळीवाल्याचा डोंगर जरा सरकलेला, पण डोंगर असतोच. ज्याला महिना-महिना ऊन दिसलेलं नाही, पुरती झोप नाही आणि ज्याच्या पोटात आठही प्रहर भीती आहे, त्याचा डोंगर झिजत झिजत सपाट होतो. माणसाचं नाव काढायला यंत्राला कायद्यानं बंदी होती. पट्ट्या एकाच हाताच्या आहेत की वेगवेगळ्या, एवढंच ते सांगे.

यावर चार वर्षांपूर्वी कायदा झाला. कापड कोणत्याही देशात विकायचं असो, विकणाऱ्या कंपनीनं प्रत्येक मागाची गाठपट्टी तपासून घ्यायची. कापड धुतलं की त्यातलं सगळं जातं, पण गाठींची वीतभर पट्टी कोरी असतानाच कापून काढतात. पूर्वी तिची चिंधी व्हायची. आता त्या चिंधीवाचून कापडाची गासडी बंदरातून हलत नव्हती.

आणि सपाट रेघ निघालेली पट्टी होती मधुकरतात्या गळतग्यांच्या कारखान्यातली.

केतकीनं ती तीनदा फिरवली. तीनदा तेच. मग तिनं कारखान्यात फोन लावला. दिवाणजी म्हणाला, "अहो, एका पट्टीवर ऑइल सांडलं, म्हणून ढिगातली दुसरी घातली. काय बिघडलं का ताई?"

"नाही, काही नाही," असं म्हणून तिनं फोन ठेवला. तात्या म्हणजे तिला घरचेच. तिचे वडील, रावसो हावळ, यांनी त्या कारखान्यात चाळीस वर्षं वहिफणी केली. घर एका खोलीचं, त्यात टीव्ही आणि दोन दांडगे भाऊ. तेव्हा तात्यांनी आपल्या ऑफिसातला एक कोपरा केतकीला अभ्यासाला दिला होता. दहावीचा निकाल लागला तेव्हा पेढे तिच्या बापाच्या आधी तात्यांनी वाटले होते. त्या माणसाच्या कारखान्यात ऊन न दिसणारं कोण असणार?

केंद्राचे प्रमुख देशिंगकर सर नियमाचे पक्के होते. इतके, की स्वतःच्या घरी मीठ घालतानाही मोजमाप बघत असावेत.

"एका पट्टीनं काही होत नाही, केतकी. माणूस तापानं आजारी असेल, घरात कुणी गेलं असेल. आणि ही तर दिवाणजीनं दुसऱ्याच मागाच्या नावावर घातलीय, ती मोजता येणार नाही. एकाच हाताच्या पाच सपाट पट्ट्या पाहिजेत. पाच झाल्या, की यंत्र स्वतःच पोलिसांना कळवतं आणि दार उघडायला कुणाची परवानगी लागत नाही. चारवर मी काही करू शकत नाही."

"मग तपासणी लावा."

"लावतो. पण पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते."

"सर, पंधरा दिवसांत आतली माणसं कुठल्या कुठं गेलेली असतील!"

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांनाही ते कळत होतं. "आणि एक ध्यानात ठेव," ते म्हणाले, "पट्टी चोरून आणलेली चालत नाही. ती ज्याच्या हातात आहे, त्यानं ती आपणहून दिली पाहिजे. नाहीतर कोर्टात तिची पुन्हा चिंधी होते."

संध्याकाळी केतकी घरी आली तेव्हा रावसो अंगणात खाटेवर बसून शेंगा फोडत होते. वय एकाहत्तर, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण बोटं अजून तरणी. नमुना कापून झाल्यावर उरलेला पट्टीचा तुकडा तिनं त्यांच्या हातात दिला. म्हाताऱ्यानं गाठींवरून अंगठा फिरवला.

"डावऱ्या हाताची गाठ हाय," ते म्हणाले. "वळसा उलटा पडलाय. आणि लई आवळलीया. एवढी कोन आवळतंय? भ्यालेलं माणूस."

"तात्यांच्याकडं वहिफणीला डावरं कोण आहे, आण्णा?"

"कोन न्हाई."

"मग ही कुणाची?"

रावसोंनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकायचे विसरले आणि टरफलच चावलं. केतकी त्यांच्याकडं बघत राहिली. बापाला खोटं बोलता येत नाही हे तिला लहानपणापासून माहीत होतं. त्यांना फक्त गप्प बसता यायचं, आणि ते त्यांनी आयुष्यभर उत्तम जमवलं होतं.

"आण्णा, तुम्हाला काय ठाऊक आहे?"

शेवटी ते बोलले. गळतग्यांच्या कारखान्यात एक जुनी रीत होती. खंडेनवमीच्या आधी ज्या मागावर जो शेवटचा बीम चढेल, त्याची गाठपट्टी कुणाला द्यायची नाही. ती मागाच्या खांबाला बांधून ठेवायची. खंडेनवमीला सगळ्या पट्ट्या सोडून एका बुट्टीत, म्हणजे टोपलीत, घ्यायच्या आणि वहिफणीतल्या सगळ्यांत जुन्या माणसानं एकेका मागाचा नंबर पुकारायचा. त्या मागाचा विणकर "हाय!" म्हणून पुढं यायचा, पट्टी शेणींच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या, विस्तवावर ठेवली जायची आणि त्याला खोबऱ्याचा प्रसाद मिळायचा. गेली बारा वर्षं ही हाक रावसोच देत होते. निवृत्त झाल्यावरही तो मान त्यांच्याकडंच राहिला होता.

"कारखान्यात माग किती?" त्यांनी विचारलं.

"छत्तीस. कागदावर छत्तीसच आहेत."

"गेल्या साली बुट्टीत अठ्ठेचाळीस पट्ट्या हुत्या." रावसोंचा आवाज बसला. "सदतीसपास्नं अठ्ठेचाळीसपत्तूर नंबर घातल्याला. मी तात्याला इचारलं. त्यो म्हनला, त्या बाहेरच्या शेडच्या हाईत, हाक देऊ नको, नुसत्या विस्तवावर ठेव. मी ठेवल्या."

"आणि परत विचारलं नाही?"

"माझ्या लेकीला बसायला जागा दिलेल्या मानसाला मी काय इचारू?" ते एकदम चिडून ओरडले, आणि मग लगेच खाली बघत म्हणाले, "अंगठ्याला कळलं हुतं गं पोरी. गेल्या साली बी गाठी आवळल्याल्याच हुत्या."

केतकीला रडू आलं आणि रागही आला. बापाला धरून गदागदा हलवावं असं वाटलं. पण त्या रागात एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. तात्यांनी चोरून बारा माग उभे केले, त्यावर माणसं डांबली, हजेरीपट फाडले, कंपन्यांना फसवलं. पण मागाची पट्टी टाकून द्यायचं धाडस त्यांना झालं नव्हतं. सातव्या पिढीचा विणकर तो. कायद्याला भ्याला नाही, माग नाराज होईल याला भ्याला. पूजा चुकवायला नको म्हणून त्यानं सगळा पुरावा वर्षाच्या वर्षाला बुट्टीत भरून ठेवला होता.

"आण्णा, यंदा त्या पट्ट्या मला द्या. तुमच्या हातानं."

रावसो म्हणाले, "दसऱ्याला माल जानार हाय. दसरा झाला की ती शेड मोडनार म्हनतुया तात्या."

म्हणजे शेड मोडेल आणि माणसं हलवली जातील, पुन्हा कुठल्यातरी दुसऱ्या शेडमध्ये, दुसऱ्या गावात, जिथं कुणाला पूजेची भीती नसेल. खंडेनवमी आणि दसरा यांच्यात फक्त एक रात्र होती. हातात पट्ट्या असणारा माणूस एकच होता, आणि तो शेंगांची टरफलं गोळा करत बसला होता.

"द्याल का?"

"बघू," रावसो म्हणाले, आणि उठून आत गेले.

त्यानंतर खंडेनवमीपर्यंत बापलेकीत मीठ-भाकरीपुरतंच बोलणं झालं.

खंडेनवमीला सकाळी नऊला माग थांबले आणि गावात शांतता पसरली. गळतग्यांच्या कारखान्यात मागांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. विणकर बायकापोरांसह आले होते. सुताच्या कांड्या भरणाऱ्या कांडीवाल्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून एकमेकींच्या काठपदरांना हात लावून बघत होत्या. सगळ्यात पुढं एक नंबरचा विणकर गैबीसाब, तीस वर्षं त्याच मागावर काढलेला, पांढऱ्या टोपीत. केतकीच्या खांद्याला जेवणाच्या डब्याची पिशवी होती. डब्याच्या जागी हातात मावणारा ज्योतिषी होता. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्याजवळ केतकीनं सांगून ठेवलेल्या इन्स्पेक्टर मुजावर बाई साध्या कपड्यांत तिसरा कप पीत उभ्या होत्या. पाच पट्ट्यांचा निरोप आल्याशिवाय त्यांना फाटकाच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं.

"ये गं केतके!" तात्या पुढं आले. धोतर, टोपी, कपाळाला बुक्का. "साहेबीण झालीस तरी प्रसादाला आलीस, बरं वाटलं."

तिनं वाकून नमस्कार केला. लहानपणापासूनची सवय पाठीला असते, ती विचारून वाकत नाही. उठताना तिनं गासड्यांच्या खोलीकडं पाहिलं. छतापर्यंत गासड्या रचलेल्या होत्या, एकावर एक, दसऱ्याला जायच्या. त्यांच्यामागं भिंत असणार. भिंतीमागं काय असणार?

आरती झाली. रावसो बुट्टी घेऊन शेणींच्या विस्तवाजवळ बसले. त्यांनी लेकीकडं एकदाही पाहिलं नाही.

"एक नंबर!"

"हाय!" गैबीसाब पुढं झाला. पट्टी विस्तवावर पडली, खोबरं हातात पडलं.

"दोन नंबर!"

"हाय!"

हाक पुढं सरकत गेली. कुणी लाजत यायचं, कुणी धावत. सतरा नंबरवाल्याला बायकोनं ढकललं तेव्हा सगळे हसले. केतकी मनात मोजत होती. तीस. एकतीस. पस्तीस. म्हातारा थांबेल का? बारा पट्ट्या एकदम उचलून विस्तवावर टाकायला असा कितीसा वेळ लागतो?

"छत्तीस नंबर!"

"हाय!"

तात्यांनी हात जोडले. "चला, जेवायला बसा सगळे. रावसो, उरलेलं ठेव विस्तवावर."

रावसोंनी बुट्टीत हात घातला. एक पट्टी काढली. अंगठ्यानं चाचपली. आणि अख्ख्या शेडमध्ये घुमेल अशा आवाजात त्यांनी हाक दिली, "सदतीस नंबर!"

कुणी "हाय" म्हणालं नाही. बायकांची कुजबुज थांबली.

"रावसो," तात्या हसत म्हणाले, पण ते हसू ओठापुरतंच होतं. "म्हातारा झालास. मोजायला चुकलास."

"चुकलो हुतो, तात्या. गेल्या साली." रावसो उठून उभे राहिले. "सदतीस नंबरचा मागवाला कुठं हाय?" कुणीच पुढं आलं नाही तेव्हा त्यांनी पट्टी लेकीपुढं धरली. "घे केतके. माझ्या हातानं देतोय. हितं सगळ्यांच्या म्होरं देतोय."

केतकीनं पिशवीतून ज्योतिषी काढला. पट्टीवरून किरण फिरायला दीड मिनिट लागतं. त्या दीड मिनिटात शेडमध्ये फक्त विस्तव तडतडला. मग छोट्या पडद्यावर रेघ उमटली, सपाट.

"अडतीस नंबर!"

"बंद कर हे!" तात्या ओरडले. "माझा कारखाना हाय! रावसो, तुझ्या पोरीला मी माझ्या खुर्चीशेजारी बसवलं! हेच का त्याचं फळ?"

"तात्या, त्या कोपऱ्यात मी शिकले म्हणूनच ही रेघ मला वाचता येते," केतकी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण यंत्र हातात घट्ट होतं. "तुमचे उपकार मी विसरले नाही. पण ते फेडायला दुसऱ्या कुणाचं ऊन कसं देऊ?"

तात्या तिच्या हातातली पट्टी ओढायला पुढं झाले. पण मध्ये गैबीसाब येऊन उभा राहिला. खोबरं चावत नुसता उभा राहिला. त्याच्या शेजारी सतरा नंबरवाला आला, मग त्याची बायको. मग कांडीवाल्या. बघता बघता तात्या आणि बुट्टी यांच्यामध्ये छत्तीस मागांची माणसं उभी झाली.

अडतीस सपाट निघाली. पडद्याच्या कोपऱ्यात शब्द उमटले: हात तोच.

"एकोणचाळीस नंबर!" तीही सपाट, हात तोच.

"चाळीस नंबर!" सपाट, हात तोच.

चार झाल्या. आता एकच हवी होती. रावसोंनी पाचवी पट्टी उचलली, गाठींवर अंगठा टेकला आणि त्यांचा चेहरा उतरला. "हिचा वळसा सरळ पडलाय. ही डावऱ्या हाताची न्हवं."

"यंत्राला सांगू द्या," केतकी म्हणाली. पण म्हाताऱ्याचा अंगठा चुकला नव्हता. एक्केचाळीसची रेघ सपाट होती, हात मात्र दुसरा. कायदा चारवरच अडकून पडला.

तात्यांच्या ते ध्यानात आलं. "जमलं न्हाई न्हवं?" ते म्हणाले. "झालं तेवढं बास. भाकरी देतोय मी त्यास्नी, छप्पर देतोय. तुम्हाला काय कळतंय धंद्यातलं?" त्यांच्या तोंडून "त्यास्नी" असं निघून गेलं, आणि ते शेडमधल्या प्रत्येकानं ऐकलं.

रावसोंनी आता घाई केली नाही. बुट्टी मांडीवर घेऊन ते उरलेल्या सात पट्ट्या एकेक करून चाचपू लागले. सरळ. सरळ. उलटा, पण सैल. चौथ्या पट्टीवर त्यांचा अंगठा थांबला, मागं गेला, पुन्हा पुढं आला.

"सत्तेचाळीस नंबर!" त्यांची हाक गासड्यांच्या खोलीकडं तोंड करून गेली. "सत्तेचाळीस नंबरचं कोन हाय का तिकडं?"

गावात एकही माग चालू नव्हता. वर्षातले बाकीचे सगळे दिवस या खडखडाटात माणूस छाती फोडून ओरडला असता तरी कुणाला ऐकू गेलं नसतं. आज मात्र ऐकू आलं. गासड्यांच्या मागून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, एकदाच. मग पुन्हा. मग कितीतरी हातांनी एकदम धडाधडा वाजवायला सुरुवात केली.

केतकीच्या हातातल्या यंत्रानं बारीक शीळ घातली. रेघ सपाट, हात तोच, पट्टी पाचवी. कोपऱ्यावर मुजावर बाईंच्या खिशातला फोन वाजला आणि चहाचा कप तसाच गाड्यावर राहिला. तात्या खाली बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि पुन्हा वर पाहिलं नाही.

पोलीस आत येईपर्यंत गैबीसाबानं पहिल्या गासडीला खांदा लावलेला होता. दीड क्विंटलची गासडी चार माणसं उचलतात, त्या दिवशी दोघांनी उचलल्या. दसऱ्याला परदेशी जायचा माल वीस मिनिटांत अंगणात येऊन पडला. मागं लोखंडी दार होतं, बाहेरून कडी, कडीला कुलूप. मुजावर बाईंनी कुलूप तोडायला सांगितलं आणि गैबीसाबानं मागाचा मोठा पाना पुढं केला.

आत बारा माग होते, बाराही मागांना झेंडूच्या माळा होत्या. आणि एकवीस माणसं होती. शिवणकामाची नोकरी देतो म्हणून कुण्या ठेकेदारानं दूरच्या जंगलपट्टीतून आणलेली, फोन काढून घेतलेली. काहींना तिथं येऊन चौदा महिने झाले होते. सगळ्यांत पुढं एक बाई होती, तिशीची असेल. तिच्या डाव्या हातात पाना होता. उजेडात येताच तिनं दुसरा हात डोळ्यांवर धरला.

"किसने बुलाया?" तिनं विचारलं.

रावसोंना हिंदी येत नव्हती. पण त्यांना प्रश्न कळला. ते पुढं झाले, प्रसादातला खोबऱ्याचा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला, आणि त्यांना रडू आवरेना.

तिचं नाव सुकुरमनी. तिची साक्ष तिनं कोर्टात ताठ मानेनं दिली आणि तात्या व ठेकेदार दोघंही गजाआड गेले. तात्यांना शिक्षा सुनावली त्या दिवशी रावसो दिवसभर जेवले नाहीत. केतकीनं त्यांना का म्हणून विचारलं नाही, तीही जेवली नव्हती. ज्या परदेशी कंपनीचा माल होता तिला हात झटकून पळता आलं नाही, कारण कायद्यात तशी सोयच नव्हती. एकवीस जणांची सगळी मजुरी चुकती करायची आणि पुढची तीन वर्षं त्याच कारखान्याकडून माल घ्यायचा, असा हुकूम झाला. कारखाना विणकरांच्या संस्थेनं चालवायला घेतला. गैबीसाब तिचा अध्यक्ष झाला आणि सभेत पहिल्यांदा बोलायला उभा राहिला तेव्हा पाच मिनिटं नुसता खाकरत होता. मधली भिंत पाडली आणि तिथं मोठ्या खिडक्या बसवल्या.

सुटलेल्यांपैकी बरेच जण आपापल्या गावी गेले ते गेलेच. सुकुरमनीही गेली. पण संक्रांत झाल्यावर ती पाठच्या बहिणीला घेऊन स्वतःहून परत आली, म्हणाली, काम येतं, आता दार उघडं आहे तर करते. रावसोंनी तिला खिडकीजवळची जागा दिली, वहिफणीबरोबर तिथला सदतीस नंबरचा मागही तिच्याकडं आला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळं दोघं दिवसभर भरपूर बोलायचे.

तिनं बांधलेल्या पहिल्या बीमाची पट्टी केतकीनं स्वतः तपासली. देशिंगकर सर मागं येऊन उभे राहिले होते, नियमात नसताना. पडद्यावर रेघ चढू लागली. सकाळचे सात, आठ, मग शिखर, मग हळूहळू उतार.

"डोंगर आहे," सर म्हणाले आणि चष्मा पुसायला बाहेर गेले.

केतकीनं पट्टी घरी नेली. रावसोंनी अंगठा फिरवला, डोळे मिटून, सावकाश. "डावरीच हाय," ते म्हणाले. "पर आता निवांत हाय."

पुढच्या खंडेनवमीला पुन्हा माग थांबले. पुन्हा शेणी पेटल्या, आणि बुट्टी घेऊन रावसो बसले. एकपासून छत्तीसपर्यंत हाक झाली. छत्तीसच्या पुढं म्हातारा जरा थांबला. त्यानं केतकीकडं पाहिलं.

"सदतीस नंबर!"

"हाय!" सुकुरमनी इतक्या जोरात ओरडली, की पलीकडच्या गल्लीत कुणीतरी घाबरून खिडकी उघडली.